गाण्याचे पहिले अक्षर

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी हरिनाम सप्ताहाला जा. विणेकऱ्याच्या आसपास एखादा भजनी गाथा मांडीवर घेऊन बसलेला दिसेल आणि त्याचे बोट अभंगांच्या अकारविल्हे सूचीवरून फिरत असेल. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग. त्यांतून हवा तो अभंग क्षणात काढायचा, तर आधार एकच: अभंगाचा पहिला शब्द, आणि त्या शब्दाचे पहिले अक्षर.

पाश्चात्त्य देशांतही गाणी अशीच अक्षरवार लावतात. तिकडच्या गाण्यांची कोणतीही मोठी यादी उघडा. ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत सव्वीस घरे आणि प्रत्येक घरात त्या अक्षराने सुरू होणारी गाणी. फरक आहे तो इतकाच, की तिकडे गाण्याचे बारसे होते. कागदावर छापताना गाण्याला एक नाव द्यावे लागते आणि यादी त्या नावाच्या अक्षराने लागते. नावाच्या आरंभी ‘द’ किंवा ‘अ’ हे उपपद असले तर ते सोडून पुढचा शब्द धरतात. नाहीतर निम्मी गाणी एकाच घरात कोंबली जातील! आपल्याकडे मात्र अभंगाला, पदाला, ओवीला वेगळे नाव नसते. तिचा पहिला चरण हेच तिचे नाव.

आता कोणी म्हणेल, अहो, अक्षराचा आणि गाण्याच्या अर्थाचा संबंध काय? काहीच नाही, आणि हाच या पद्धतीचा गुण आहे. विषयवार यादीत आपण आपल्या आवडीच्या दालनात शिरतो आणि तिथेच घुटमळतो. अक्षरवार यादीत तसे होत नाही. एका इंग्रजी अक्षराखाली प्रार्थनागीताच्या शेजारी खलाशांचे गाणे बसलेले असते, अंगाईच्या शेजारी नाटकातले पद. शोधायला गेलो एक आणि हाती लागले दुसरेच, अशी मौज तिथे पावलोपावली होते. अक्षर मानपान पाहत नाही. अनोळखी गाण्यांची ओळख करून घ्यायची असेल, तर एक अक्षर धरावे आणि त्याच्या घरात सरळ चालत जावे.

पण या पद्धतीत एक अडचणही आहे. आपल्या मनात गाण्याचा जो शब्द राहतो तो सूचीतला शब्द असेलच असे नाही. १९३९ साली ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातले एक गाणे जगभर गाजले. त्याचे छापील नाव ‘ओव्हर द रेनबो’, म्हणजे त्याचे घर ‘ओ’. पण गाणे सुरू होते ‘समव्हेअर’ या शब्दाने, आणि कित्येक लोक ते ‘एस’च्या घरात शोधतात. आपल्या गाथेतही तेच बघा. ध्रुपद पुष्कळदा पहिल्या चरणानंतर येते. भजनात घोळून घोळून म्हटले जाते ते ध्रुपद. म्हणून लक्षात राहते तेही ध्रुपदच. सूची मात्र पहिल्या चरणाची! शिवाय ‘काय’ या शब्दाने सुरू होणारे अभंग इतके, की ‘क’चे घर सापडले तरी शोध संपत नाही. यावर उपाय सोपा आहे. एकाच गाण्याची नोंद दोन ठिकाणी करावी आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अमुक पाहा’ एवढेच लिहावे.

छापलेल्या गाण्याचे असे भागते. तोंडोतोंडी चालत आलेल्या गाण्याचे काय? इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या ‘बार्बरा ॲलन’ या जुन्या कथागीताचे उदाहरण घ्या. कुणी त्याला ‘बॉनी बार्बरा ॲलन’ म्हणतो, कुणी आणखी वेगळ्या नावाने ओळखतो, आणि आरंभाचा शब्द तर गावोगाव बदलतो. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने १८८२ ते १८९८ या काळात अशी ३०५ कथागीते पाठभेदांसह छापली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. ‘बार्बरा ॲलन’चा क्रमांक ८४. पुढे स्टीव्ह राउड या इंग्रज ग्रंथपालाने लोकगीतांची फार मोठी सूची केली. तीत हेच गाणे ५४ क्रमांकाखाली आहे. शब्द बदलोत, नाव बदलो, क्रमांक तोच. अक्षराने दार सापडते, क्रमांकाने माणूस ओळखू येतो, असे म्हणा ना!

आता आपल्या घरी येऊ. जात्यावरच्या ओव्यांची गत ‘बार्बरा ॲलन’सारखीच आहे. एक बाई ओवी ‘अगं’ म्हणून सुरू करील, दुसरी ‘बाई’ म्हणून, तिसरी एकदम मुख्य शब्दालाच हात घालील. ओवी एकच, पण सूचीत घरे तीन. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. १९९६ साली बर्नार्ड बेल यांच्यासह ही मंडळी माजलगावच्या भीमनगरातही आली होती. तिथल्या बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आज ध्वनिमुद्रित आहेत. हा सारा संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेमार्फत लोकांपुढे येत आहे. त्यात ओव्या विषयवार लावल्या आहेत, आणि ते योग्यच. कारण ओवीचा पहिला शब्द हलता आहे, तिचा जिव्हाळ्याचा विषय तेवढा हलत नाही.

हे काम संपले असे मात्र समजू नका. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे जाते थांबले. बायांच्या कमरेचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर ओवी म्हणण्याची वेळही गेली. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या आज आज्या-पणज्या आहेत. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) सव्वा लाख पदे रचली असे परंपरा सांगते. त्यांतली थोडीच आज हाती आहेत. एवढ्या मोठ्या संतकवीची ही कथा, तर वहीत कधी न चढलेल्या आजीच्या ओवीची काय सांगावी?

म्हणून आपल्याला एक सुचवायचे आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि दोनशे पानी वही घ्या. ऐकू येईल तशी ओवी लिहा. तिचे बोल शुद्ध करण्याच्या भरीस पडू नका. मोबाइलवर चालही टिपून ठेवा. प्रत्येक ओवीला क्रमांक द्या. ती कोण म्हणते, तिचे माहेर कोणते, सासर कोणते, तेही लिहा, कारण ओवी पुष्कळदा माहेराहून सासरी आलेली असते. मग वहीच्या शेवटी अकारविल्हे सूची करा. ‘अगं’, ‘बाई’ हे शब्द उपपदासारखे सोडून द्या आणि पुढचा शब्द धरा. ‘क्ष’ला ‘क’च्या घरात आणि ‘ज्ञ’ला ‘ज’च्या घरात बसवायचे की शेवटी वेगळे, हे आधीच ठरवा आणि ते पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुढे वही उघडणाऱ्याला चाचपडावे लागणार नाही.

ओव्या पन्नास निघाल्या तरी पुष्कळ झाल्या. ऊसतोडीला गेलेली लेक चार-सहा महिन्यांनी परत येईल आणि आईची एखादी ओवी तिला अर्धीच आठवेल. तेव्हा त्या वहीत एका अक्षराखाली ती पुरी सापडली पाहिजे.