सहरीची गोळी, इफ्तारची गोळी

रमजान आला की मधुमेहाचे कितीतरी रोजेदार गोळ्यांच्या वेळा घरीच बदलून टाकतात. सकाळची सहरीला, रात्रीची इफ्तारला. डॉक्टर ‘रोजे धरू नका’ म्हणतील, म्हणून त्यांना विचारायचेच नाही! पण गोळी-गोळीत फरक असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार उतरत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोट रिकामे असले तरी साखर उतरवत राहते. तिचा नेहमीचा डोस सहरीला घेतला, तर दुपारनंतर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. घरच्यांना वाटते, रोजा लागला. डोस किती कमी करायचा, कधी घ्यायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे, इन्सुलिनचेही तसेच.

बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. ती ७० च्या खाली गेली तर रोजा लगेच सोडावा. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे: राहिलेले रोजे बरे झाल्यावर धरता येतात, बरे होण्याची आशाच नसेल तर फिदया, म्हणजे गरिबाला जेवण.

दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटे न्यावीत, हकिमाची पुडी असेल तर तीही. आणि डॉक्टर मुस्लिम नसतील, तर सहरी पहाटे किती वाजता होते हे आपणच सांगावे. त्यात संकोच कसला?