बिनपगारी रजा आणि अनुभवाचे वर्ष

नोकरीचे वर्ष आणि अनुभवाचे वर्ष ही दोन वेगळी वर्षे आहेत, हे मला कॅनडात गेल्यावर चौथ्या वर्षी समजले. तेही माझा कायम वास्तव्याचा अर्ज नामंजूर झाल्यावर. आपली मुले-मुली आता परदेशी शिकायला जाऊ लागली आहेत. काही राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर, बरीचशी कर्ज काढून किंवा शेत गहाण टाकून. शिक्षणानंतर तेथेच नोकरी करून स्थायिक होऊ पाहणाऱ्यांना माझी चूक उपयोगी पडावी म्हणून ती येथे मांडते.

प्रथम नियम. कॅनडात नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला ज्या मार्गाने कायम वास्तव्य मिळू शकते त्यापैकी एक म्हणजे कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास. त्यासाठी अर्जापूर्वीच्या 3 वर्षांत तेथे किमान 1 वर्षाचे कुशल काम केलेले असावे लागते. हे वर्ष तासांत मोजतात : आठवड्याला 30 तास, 52 आठवडे, एकूण 1560 तास. आणि काम म्हणजे ज्याचा पगार किंवा कमिशन मिळते ते काम. या व्याख्येतच सगळी गोम आहे. रजेवर असताना तुमची नोकरी शाबूत असेल, हजेरीपटावर नाव असेल, साहेबाचे तुमच्याविषयीचे मत उत्तम असेल. पण पगार नाही, तर ते आठवडे अनुभवात धरत नाहीत.

आपल्याकडील शिक्षकांना हे चटकन कळेल. असाधारण रजा घेतली तर सेवेत खंड पडत नाही, परंतु वैद्यकीय कारण वगळता साधारणपणे वेतनवाढीची तारीख पुढे जाते. नोकरी चालू, घड्याळ बंद. फरक इतकाच की आपल्याकडे वेतनवाढ पुढे जाते. तेथे माणसाचे राहणेच धोक्यात येते.

माझे असे झाले. ओंटारियो प्रांतात शिक्षण संपवून मी एका कंपनीत फेब्रुवारीत रुजू झाले. ऑगस्टमध्ये धाकट्या भावाचा फोन आला : ताई, आईला अर्धांगवायूचा झटका आला, अकोल्याला दवाखान्यात नेले आहे. त्या प्रांतात कायद्याप्रमाणे दोन आठवड्यांची पगारी सुट्टी नोकरीचे पहिले वर्ष भरल्यावर मिळते. माझे वर्ष भरलेले नव्हते. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी रजा आहे, पण ती नोकरी राखून ठेवते, पगार देत नाही. मी 11 आठवडे बिनपगारी रजेवर आले. भाऊ पदवीच्या शेवटच्या वर्षाला, वडील नाहीत. आईला उठवणे-बसवणे दुसऱ्या कोणी केले असते?

परत गेल्यावर पुढच्या फेब्रुवारीत वर्ष भरले असे मी धरले. रुजू झाल्यापासूनच्या 55 व्या आठवड्यात अर्ज करण्याचे आमंत्रण आले. रजेचा विचार मी केला नव्हता असे नाही. 55 मधून 11 गेले, 44 उरले. पण मी आठवड्याला 40 तास काम करीत होते. 44 गुणिले 40 म्हणजे 1760, आणि लागतात 1560. मी निर्धास्त झाले.

येथेच मी फसले. आठवड्यातील 30 च्या वरचे तास मोजलेच जात नाहीत. 40 करा की 60 करा, नोंद 30 ची. म्हणजे माझे तास 1760 नव्हेत, 1320. दोनशे चाळीस तास, अर्थात 8 आठवडे कमी. जास्त राबून रजा भरून काढता येत नाही. ती पुढच्या आठवड्यांनीच भरते.

कंपनीच्या पत्रात अमुक तारखेपासून आजतागायत सलग सेवेत, असे लिहिले होते. ते खोटे नव्हते. पत्रात पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार व तारखा असाव्या लागतात. रजेचा रकाना त्यात सहसा नसतो. परंतु पगारपत्रकांत 11 आठवडे कोरे होते. नकार आला तोपर्यंत माझे 52 आठवडे कधीच पूर्ण झाले होते. त्याचा उपयोग झाला नाही, कारण पात्रता आमंत्रण आले त्या दिवशी आणि अर्ज पोचला त्या दिवशी, अशी दोन्ही वेळा पाहतात. नंतर भरलेली घागर चालत नाही.

मातृत्वरजेचेही असेच आहे. त्या काळात विम्याचा भत्ता मिळतो, पण तो मालकाने दिलेला कामाचा पगार नव्हे. वर्षातील दोनेक आठवड्यांची पगारी सुट्टी मात्र अनुभवात धरली जाते. (आपल्या देशात कारखाने कायद्यात पगारी सुट्टीची तरतूद 1945 च्या दुरुस्तीने आली, तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पगारी आणि बिनपगारी यांतला फरक कामगाराच्या आयुष्यात केवढा असतो हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.) ज्यांचा परदेशातील, म्हणजे भारतातला अनुभव फेडरल स्किल्ड वर्कर या मार्गाने धरायचा असतो, त्यांना वर्ष सलग दाखवावे लागते, तेथे मधली लांब रजा अधिकच अडचणीची.

ब्रिटनमध्ये घड्याळ थांबण्यावर भागत नाही. तेथील स्किल्ड वर्कर व्हिसावरचा माणूस एका कॅलेंडर वर्षात एकूण 4 आठवड्यांहून अधिक बिनपगारी किंवा कमी पगारावर गैरहजर राहिला, तर सर्वसाधारणपणे मालकाला त्याचे प्रायोजकत्व काढून घ्यावे लागते. मातृत्व, आजारपण यांसारख्या कायदेशीर रजांना सूट आहे. कायदेशीर संपाचीही सूट 2018 मध्ये मिळाली. त्यापूर्वी परदेशी कामगाराने संपावर जाताना व्हिसाही पणाला लावावा, अशी स्थिती होती. आई आजारी पडली ही सबब मात्र त्या यादीत ठळकपणे नाही.

रजा घेण्याची वेळ सर्वांवर सारखी येत नाही. ज्याच्या घरी नोकरचाकर, परिचारिका ठेवण्याची ऐपत आहे तो पैसे पाठवतो. ज्याच्या घरी ती नाही तो स्वतः येतो. नियमाच्या मजकुरात जात नाही, वर्ग नाही, बाई-पुरुष नाही. तरी त्याचा भार कोणावर पडतो हे उघड आहे. त्यातही एका वर्षाची पदविका करणाऱ्याला शिक्षणोत्तर कामाचा परवाना साधारण एका वर्षाचाच मिळतो, आणि तो एकदाच. वर्षाचा परवाना व वर्षाची अट. त्यात एका आठवड्याच्या बिनपगारी रजेलाही जागा नाही. मला तीन वर्षांचा परवाना होता म्हणून मी तरले.

यावर कोणी म्हणेल, रजा सांगायचीच कशाला? हा सल्ला मलाही मिळाला, आपल्याच माणसांकडून. तो ऐकू नये. पासपोर्टवरचे शिक्के, पगारपत्रके, कराचे कागद यांत रजा दिसतेच, आणि माहिती दडवली असे ठरले तर 5 वर्षे दार बंद होते. अपुरे आठवडे पुढे भरून काढता येतात.

दुसऱ्या खेपेस मी पगारपत्रके घेऊन बसले आणि वहीत एकेक पगारी आठवडा मांडला. 52 नंतर आणखी 6 जाऊ दिले, मग नाव नोंदवले. कंपनीच्या पत्रात रजेच्या तारखा घाला असे मी सांगितले तेव्हा कारकुनाने विचारले, स्वतःचे नुकसान का करून घेता? मी त्याला वही दाखवली. त्याने तारखा घातल्या.