थ्री नॉट थ्रीची कुंडली

धुळे-जळगावकडे कोणालाही विचारा, 'थ्री नॉट थ्री' म्हणजे काय, उत्तर लगेच येतं : पोलिसाच्या खांद्यावरची बंदूक. समोरच्या आजोबांनी कॉलेजात एन. सी. सी. केलेली असेल तर ते तिचं वजनही सांगतील. चार किलोंचं ते धूड घेऊन 'कंधे शस्त्र'मध्ये उन्हात उभा राहिलेला माणूस ते सहसा विसरत नाही.

१९०७ साली ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेली ही ली-एन्फील्ड रायफल दोन महायुद्धांत वापरली गेली. १९६२ साली चीनसमोर आपले जवान उभे राहिले ते हीच घेऊन. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईतल्या रेल्वे पोलिसांकडेही हीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. वापरातून गेलेल्या वस्तूबद्दल मग एकच प्रश्न उरतो. हिची किंमत काय?

सोनेतारणाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हा प्रश्न पाठ असतो. जळगावच्या सराफ्यात दागिना कसाला लावतात, वजन करतात, घट काढतात आणि भाव सांगतात. आजीच्या आठवणीला तिथे शून्य. लढाईतल्या रायफलीचं नेमकं उलटं आहे. तिचं लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर टाकलं तर चहा-भज्यांपुरते पैसे सुटतील. तिचं मोल तिच्या अंगावर कोरलेल्या अक्षरांत असतं, आणि ही अक्षरं वाचायला सराफ लागत नाही.

लाकडी दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे उजव्या अंगाला पाहा. वर मुकुट, त्याखाली 'जी. आर.' किंवा 'जी. आर. आय.' अशी इंग्रजी अक्षरं. 'जॉर्ज रेक्स इम्पेरेटर', म्हणजे राजा आणि बादशहा जॉर्ज. खाली 'इशापूर' असेल तर ही हुगळीकाठच्या कारखान्यातली, कलकत्त्याजवळची. 'एन्फील्ड' किंवा 'बी. एस. ए.' असेल तर विलायतेची, 'लिथगो' असेल तर ऑस्ट्रेलियाची. प्रजासत्ताकानंतरच्या इशापूर रायफलीवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. शेजारी साल आणि 'मार्क तीन'. त्या तिनापुढे एक चांदणी असेल तर ती शोभेची समजू नका. पहिल्या महायुद्धात रायफली पुरेनात, तेव्हा लांब पल्ल्याची जादा नेम-पट्टी आणि मॅगझिन बंद करणारी पत्र्याची झडप गाळून काम झटपट उरकलं गेलं. ती चांदणी म्हणजे युद्धाच्या घाईची खूण आहे.

मग नंबर. बोल्टच्या दांड्यावर, बॉडीवर, नळीवर आणि पुढच्या टोपीवर नंबर कोरलेला असतो. हे सगळे जुळले तर रायफल जन्मापासून एकसंध राहिली असं धरता येतं. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर मोल उतरतं, शिवाय धोकाही असतो, कारण प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीला घासून बसवलेला असतो. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू ही हिंदुस्थानी दुरुस्तीची ओळख. लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर त्या रायफलीने ग्रेनेड फेकले, असं समजावं.

एक फरक भल्याभल्यांना कळत नाही. बाहेरून हुबेहूब थ्री नॉट थ्री, पण नळीत आटे नाहीत, आत गुळगुळीत, आणि मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवलेला. ती '.४१० मस्केट'. पोलिसांसाठी इशापूरला जुन्या रायफलींच्या नळ्या पोखरून ती बनवत. एका वेळी एकच गोळी, आणि लष्करी काडतूस तिच्यात चालू नये अशी योजना. १८५७ इंग्रज विसरले नव्हते. एतद्देशीय शिपायाच्या हाती बंदूक द्यायची, पण ती उलटली तरी फार लांब पोचू नये, हा हिशेब त्या लाकडी ठोकळ्यात आहे. संग्राहक मंडळी हिला कमअस्सल म्हणून बाजूला सारतात. माझ्या मते खानदेशाच्या दृष्टीने हीच जास्त मोलाची.

कारण खानदेशाने युद्धकाळातली बंदूक पाहिली ती सरहद्दीवर नव्हे, गावच्या चौकात. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. दीड वर्षाने, १४ एप्रिल १९४४ला, शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. साताऱ्याकडून आलेले नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि त्यांना साथ देणारी इथली माणसं. साडेपाच लाखांच्या घरातली ती रक्कम प्रतिसरकारच्या कामी आली. नंदुरबारच्या आणि चिमठाण्याच्या कथा आपण मुलांना सांगतो, दोन्ही ठिकाणी स्मारकं आहेत. मात्र पोलिसांच्या शस्त्रागारातल्या त्या काळच्या बंदुका निकाली निघतात तेव्हा त्यांच्यावरचे नंबर कोणी उतरवून घेत नाही. मुद्देमालाच्या जुन्या नोंदवह्या आणि बंदुकीवरचा नंबर, दोन्ही शाबूत असतील तरच ताडून पाहता येईल. एक भट्टीत गेलं की दुसऱ्याचा उपयोग संपला.

जपायचं कसं, यात आपली सफाईची हौस आड येते. पॉलिशपेपरने घासून, वर व्हार्निशचा हात मारून 'नव्यासारखी' केलेली रायफल मी पाहिली आहे. मुकुट निम्मा पुसलेला, साल वाचता येत नव्हतं. दिवाळीच्या समईसारखी ती चकचकीत होती, आणि तितकीच मुकी. काळसर डाग राहू द्यावेत. सुटणारा गंज तेवढा तेलाच्या फडक्याने अलगद काढावा. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतून क्षार सुटत आणि ते हवेतली ओल ओढून नळी खात, म्हणून शिपाई आधी नळीत उकळतं पाणी ओतत, मग तेलाची चिंधी फिरवत. त्यासाठी दोरी आणि तेलाची कुपी दस्त्याच्या पितळी झाकणामागे ठेवलेली असे. ती अजून तिथे सापडली तर भाग्य समजायचं.

लाकडाला लष्करातही जवसाचंच कच्चं तेल लावत. आपल्याकडे हे कोणाला सांगायला नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा लाकूड आकसतं, जुलैत फुगतं, आणि दोहोंच्या मध्ये तडकतं. तळहातावर चार थेंब घेऊन चोळावेत, तेल थापू नये. कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंद करून ठेवू नये, ओल धरते. नळी वर करून वर्षानुवर्षं उभी ठेवली तर तेल उतरून दस्त्याचं लाकूड कुजतं.

आता कायदा. .३०३ हा 'प्रोहिबिटेड बोअर' आहे. बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याची बारा बोअर निराळी आणि ही निराळी. हिच्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि विनापरवाना सापडली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे. परवानाधारक वारला की वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि मग वारसा हक्काचा अर्ज करायचा. पूर्ण निकामी, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या पुराणवस्तूला १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात सूट आहे. ती निकामी आहे की नाही, हे मात्र घरच्या मंडळींनी ठरवायचं नसतं. १९१७-१८ सालच्या रायफलीची शंभरी भरली असल्याने १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती परदेशीही नेता येत नाही. थोडक्यात, अमेरिकेतल्या लिलावाचे भाव वाचून हुरळण्यात अर्थ नाही. इथे तिला बाजारच नाही.

तिची जागा संग्रहालयात आहे. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७पासून खानदेशाची हस्तलिखितं सांभाळत आलं आहे. एखादी कायदेशीर निकामी केलेली मस्केट आणि शेजारी त्या काळच्या पोलीस नोंदीची प्रत, असा एक कपाटाचा कोपरा जिल्ह्यात कुठेतरी व्हायला हवा. निकामी करताना ड्रिल कुठे फिरवायचं, हेही आधी ठरवावं. काडतुसाचं घर बुजवलं तर चालतं, पण अक्षरांवर घाव पडता कामा नये.

आणि घरात अशी एखादी वस्तू आजोबांच्या ट्रंकेमागे निघालीच, तर तिला खेळवू नका, चाप ओढून पाहू नका. ठाण्यात कळवा. परवान्याचं जुनं पुस्तक, फौजेतल्या नोकरीचे कागद, दुकानाची पावती, जे सापडेल ते बरोबर न्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. जमा करताना सगळ्या नंबरांची आणि खुणांची नोंद मागून घ्या. पावतीवर लिहिलेला नंबर बोल्टचा आहे की बॉडीचा, हे काउंटर सोडण्यापूर्वी ताडून पाहा.