अंगावरून जाणे : एक दुर्लक्षित दुखणे

‘अंगावरून जाते’ एवढ्या मोघम शब्दांत जी व्यथा एखादी गृहिणी कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, तीही महिनोन्‌महिने सोसल्यावर, दबक्या आवाजात सांगते, तिच्यामागे पुष्कळदा दोन भिन्न कारणांपैकी एक असते. निरोगी योनिमार्गात दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू तेथील आम्लता राखतात. त्यांची संख्या घटून इतर जंतू बळावले म्हणजे पातळ, करड्या रंगाचा, मासळीसारख्या वासाचा स्राव होतो व त्यावर मेट्रोनिडाझोल साधारणतः ७ दिवस द्यावे लागते. याउलट कँडिडा नामक बुरशीने दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट स्राव, आग व असह्य कंड उत्पन्न होते. मधुमेह, गर्भारपण किंवा प्रतिजैविकांचे सेवन तिला पोषक ठरते आणि क्लोट्रिमाझोलच्या योनिमार्गात ठेवावयाच्या गोळ्या तिच्यावर गुणकारी असतात. सबब शेजारणीला लागू पडलेले औषध परस्पर दुकानातून आणणे गैर होय. साबणाने आतून धुण्याची सवय तर, स्वच्छतेच्या सद्‌हेतूने का होईना, रक्षक जंतूंचाच नाश करते.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की शेकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी मात्र शेकडा अवघ्या ८ जणींची झाली होती. हे आकडे वाचताना मन आजही विषण्ण होते. स्रावात रक्त, ओटीपोटात वेदना वा ताप असल्यास विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. गर्भवतीने बुरशीवरील फ्लुकोनाझोलची गोळी पोटात घेऊ नये.