काळे दगड, पिवळे दगड

डिसेंबरातली दुपार. घड्याळात जेमतेम चार, आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये दिवेलागण झालेली! एल्ब नदीवरचा वारा कोट-मफलरची तटबंदी ओलांडून हाडांत शिरत होता. १४३४ पासून भरणाऱ्या नाताळच्या बाजारात पिठीसाखरेनं माखलेला ‘श्टोलन’ केक खाल्ला, जरा तरतरी आली, आणि आम्ही दोघं चालत ‘फ्राउएनकिर्श’ या चर्चपाशी पोचलो.

फिकट पिवळ्या भिंतीत मधूनच काळेकुट्ट दगड. “एवढा खर्च केला, तर हे दगड घासून घ्यायला काय झालं होतं?” हे म्हणाले. दर दिवाळीला घराला रंग काढणारा माणूस!

ते काळे दगड जुन्या चर्चचे. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत शहरातली सुमारे २५ हजार माणसं गेली. आगीत होरपळलेलं हे चर्च १५ तारखेला कोसळलं. जवळजवळ अर्धं शतक तिथं नुसता ढिगारा होता. त्यातलेच हजारो दगड वेचून १९९४ ते २००५ या काळात ते पुन्हा उभं राहिलं. घुमटावरचा सोनेरी क्रॉस घडवला लंडनच्या ॲलन स्मिथ यांनी. त्यांचे वडील त्या हल्ल्यातले एक वैमानिक!

हे बराच वेळ गप्प. मग हातमोजा काढून त्यांनी एका काळ्या दगडावर तळवा टेकला. इथला वालुकाश्म वर्षानुवर्षांच्या ऊनपावसात काळवंडतो. म्हणजे कधीतरी नवेजुने दगड एकसारखे दिसतील. तोवर मात्र येणारा प्रत्येकजण ह्यांच्यासारखंच विचारणार आणि उत्तर ऐकून जाणार.

“बरं झालं, घासले नाहीत,” हे पुटपुटले.