शिलालेखातील शेवटची दोन अक्षरे

इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, ही समजूत आपल्या वसतिगृहातील मुलांतही घट्ट रुजली होती. आंतरजालावरील साधनांनी ती कशी ढळते, हे एका तासिकेच्या उदाहरणाने सांगणे अधिक बरे.

जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले, त्यात सांची येथील स्तूपाच्या कठड्यावरील लहान लेखांचा मोठा वाटा होता. 'एपिग्राफिया इंडिका' या नियतकालिकाचे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य पाहावयास मिळतात. त्यांत या लेखांचे ठसे आहेत. ते भिंतीवर मोठे करून दाखवले आणि उत्तर न सांगता एवढेच विचारले, "प्रत्येक लेखाच्या शेवटी काय दिसते?" थोड्या शांततेनंतर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तीच दोन अक्षरे, आणि एक टिंब." प्रिन्सेप यांनाही हेच दिसले होते. ती अक्षरे होती 'दानं'. त्या दिवशी घंटा झाल्यावरही कोणी उठेना.

पुढच्या तासिकेस कार्ले येथील चैत्यगृहाचे लेख घेतले. तेथे धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे दान आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या सिंहदत्ताचे आहे, यवनांचेही आहे. ज्यांचे वडील सुतारकाम करतात अशी मुले आपल्या शाळेत आहेत. दगडावर राजांखेरीज इतरांचीही नावे राहतात, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मात्र याच आंतरजालावर निराधार मजकूरही उदंड आहे, आणि तो आपल्या अभिमानाला सुखावणारा असला की आपण तो तपासतही नाही. १४ एप्रिलच्या भाषणासाठी एका विद्यार्थ्याने बाबासाहेबांच्या नावाने फिरणारे एक वाक्य आणले होते. बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे शासकीय खंड आंतरजालावर आहेत. त्याने मित्रांसह दोन संध्याकाळी ते धुंडाळले. वाक्य सापडले नाही. भाषणातून ते गळाले. त्याचे वडील प्रथम रागावले. ते वाक्य त्यांनीच पाठवले होते. आठवड्याने त्यांचा दूरध्वनी आला: "सर, ते खंड मोबाईलवर कसे उघडायचे?"