स्तंभ काय सांगतात?

मुलांनो, ब्लॅक रिव्हर पीक हे आपल्या मॉरिशसमधील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची ८२८ मीटर आहे. पीटर बोथ हे शिखर ८२० मीटर उंच आहे. चला, या उंचींचे दोन स्तंभालेख काढू या.

पहिल्या आलेखात तळाशी ० लिहा. १०० मीटरांसाठी १ सेंटिमीटर घ्या. एक स्तंभ सुमारे ८.३ सेंटिमीटरांचा आणि दुसरा ८.२ सेंटिमीटरांचा होईल. दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतील.

दुसऱ्या आलेखात तळाशी ८१० लिहा. १ मीटरासाठी अर्धा सेंटिमीटर घ्या. आता स्तंभ ९ आणि ५ सेंटिमीटरांचे होतील. पाहणारा म्हणेल, "अरे, पीटर बोथ किती बुटका!"

डोंगर तेच, उंचीही तीच. मग फरक कशामुळे पडला? तळाच्या आकड्यामुळे! आपली नजर आधी स्तंभांची लांबी पाहते, आकडे मागून वाचते. वर्तमानपत्रांत आणि जाहिरातींतही असे आलेख असतात. म्हणून तळाचा आकडा आधी वाचा, मगच मत बनवा.

करून पाहा : दुसरा आलेख घरी दाखवा. कोण काय म्हणाले, ते वहीत लिहा.